गावाला कोणी विचारलं?

आमच्या आजीला आतड्याचा कॅन्सर झाला, तेव्हा तो तिच्याखेरीज घरातल्या सगळ्यांना माहीत होता. डॉक्टरांनी वडिलांना आणि काकांना आत बोलावलं, रिपोर्ट समजावून सांगितले, तीन-चार महिने म्हणाले. बाहेर येईपर्यंत दोघा भावांचं ठरलेलं होतं: आईला सांगायचं नाही. आतड्याला सूज आहे, औषधाने उतरेल, एवढंच. आई, काकू, आत्या, आम्ही नातवंडं, सगळेच त्यात सामील. मी बावीस वर्षांची होते आणि मलाही ते बरोबर वाटलं होतं. आजीची धाकटी बहीण वाईला राहायची. माहेरच्या जमिनीच्या सह्यांवरून दोघींचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. जूनमध्ये एकदा आजी पडल्या पडल्या म्हणाली, "पाऊस उघडला की वाईला जाऊन येते. किती दिवस धरून बसायचं?" आम्ही सगळे म्हणालो, "हो, जाऊ की." ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. दहाव्याला मावशीआजी आल्या. वडिलांना त्यांनी एकच गोष्ट विचारली, "तुला माहीत होतं ना रे?"

पुढे बऱ्याच वर्षांनी एक छोटी स्पॅनिश कादंबरी इंग्रजी भाषांतरातून माझ्या हाती आली. ती वाचताना आमचं घर आणि तो पावसाळा पुन्हा समोर उभा राहिला. मिगेल दे उनामुनोची 'सान मान्वेल ब्वेनो, मार्तिर'. नावाचा अर्थ साधारण 'संत मान्वेल, भला माणूस, हुतात्मा' असा. उनामुनो तत्त्वज्ञ होता, आणि ही गोष्ट त्याने उतारवयात लिहिली. माणसांच्या भल्यासाठी त्यांना अंधारात ठेवावं का, हा प्रश्न दवाखान्यात, घरात, मंत्रालयात, देवळात रोज कोणी ना कोणी परस्पर निकालात काढत असतं. त्याची इतकी प्रामाणिक उलटतपासणी मला दुसऱ्या कुठल्या तत्त्वज्ञाकडे वाचायला मिळालेली नाही. आणि ती उलटतपासणी ग्रंथात होऊ शकली नाही, गोष्टीतच होऊ शकली, असंही माझं ठाम मत आहे.

उनामुनो मूळचा उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओचा, बास्क लोकांपैकी. जन्म 1864 चा. 1891 पासून तो सालामांकाच्या प्राचीन विद्यापीठात ग्रीक शिकवू लागला आणि 1900 मध्ये तिथला रेक्टर, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरू झाला. लहानपणी तो कट्टर कॅथलिक होता, तरुणपणी वाचनाने ती श्रद्धा गेली, आणि गेलेली श्रद्धा परत यावी म्हणून तो उरलेलं आयुष्य तळमळत राहिला. त्याचा एक मुलगा, रायमुंदो, तान्हेपणीच मेंदूच्या आजाराने अपंग झाला आणि 1902 मध्ये गेला. त्या आजारपणाच्या काळात, 1897 च्या मार्चमध्ये एका रात्री उनामुनो मरणाच्या भीतीने हुंदके देऊन रडला. त्याची बायको कोन्चा हिने त्याला जवळ घेतलं आणि तोंडून निघालं, "माझ्या बाळा!" हा शब्द तो कधीच विसरला नाही. 1912 सालचा त्याचा मोठा ग्रंथ जीवनाच्या शोकात्म जाणिवेविषयी आहे, आणि त्याची सुरुवातच हाडामांसाच्या माणसापासून होते, जो जन्मतो, सोसतो आणि मरतो. मुख्य म्हणजे मरतो. बुद्धी सांगते की मेल्यावर काही उरत नाही, काळीज ते मान्य करत नाही, आणि या दोघांचं भांडण मिटवू नये, त्या भांडणातच जगावं, असं त्याचं म्हणणं. व्हॅटिकनने 1957 मध्ये हा ग्रंथ निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकला, लेखक जाऊन वीस वर्षं झाल्यावर.

तत्त्वज्ञानाचे अभ्यासक या ग्रंथापाशी थांबतात आणि कादंबऱ्या साहित्याच्या विभागाकडे ढकलून देतात. हे मला पटत नाही. ग्रंथात एकच माणूस बोलत असतो. तो कितीही प्रामाणिक असला तरी समोरच्याची शंका त्यालाच मांडावी लागते आणि तोच ती खोडतो. गोष्टीत असं चालत नाही. तिथे माणसं आणावी लागतात, आणि माणसं आली की ती आपापलं बोलतात. उनामुनोला हे फार लवकर कळलं होतं. 1914 मध्ये छापून आलेल्या 'नीब्ला' म्हणजे 'धुकं' या कादंबरीत नायक औगुस्तो प्रेमात फसतो, आत्महत्या करायचं ठरवतो, आणि त्याआधी सल्ला घ्यायला थेट सालामांकाला, उनामुनोच्या घरी जातो. उनामुनो त्याला सांगतो की तू आत्महत्या करू शकत नाहीस, कारण तू जिवंतच नाहीस, माझ्या कल्पनेतलं पात्र आहेस. औगुस्तो हादरतो, विनवण्या करतो, आणि शेवटी उलटतो: मी मरणार असेन तर तुम्हीही मराल, आणि ही गोष्ट वाचणारे सगळे मरतील. ही कादंबरीच नव्हे असं टीकाकार म्हणतील हे ओळखून उनामुनोने तिला आधीच 'निवोला' असं घरचं नाव ठेवून दिलं होतं. हे कोणी गंमत म्हणून वाचेल. मला त्यात एक तत्त्वज्ञ स्वतःच्याच पात्राकडून उत्तर ऐकून घेताना दिसतो.

आता 'सान मान्वेल'च्या नायकाकडे, डॉन मान्वेलकडे येते.

स्पेनच्या वायव्येला, डोंगरांच्या मध्ये, सानाब्रिया नावाचं सरोवर आहे. त्याच्या तळाशी एक गाव बुडालेलं आहे आणि सेंट जॉनच्या रात्री त्या गावातल्या चर्चच्या घंटा ऐकू येतात, अशी तिथली दंतकथा. 1 जून 1930 रोजी उनामुनो तिथे जाऊन आला आणि त्याच वर्षी त्याने ही गोष्ट लिहून काढली. ती छापून आली मार्च 1931 मध्ये. त्यानंतर काही आठवड्यांतच, 14 एप्रिलला, राजा देश सोडून गेला आणि स्पेनमध्ये प्रजासत्ताक आलं. चर्चचं काय करायचं, शाळा कोणाच्या हाती असाव्यात, यावर संसदेत आणि रस्त्यात आग पेटणार होती. त्या तोंडावर ही गोष्ट आली, आणि ती एका खेड्यातल्या पाद्र्याविषयी होती.

डॉन मान्वेलवर त्याचं गाव, बाल्वेर्दे दे लुथेर्ना, जीव टाकतं. तो गरिबांसाठी लाकडं फोडून देतो, डॉक्टरबरोबर आजाऱ्यांकडे जातो, लग्नं जुळवतो, नवरा-बायकोची भांडणं सोडवतो, पोरं नाचतात तेव्हा स्वतः ढोल वाजवतो. एकदा गावात खेळ करायला एक विदूषक येतो. तो लोकांना हसवत असताना त्याची गरोदर, आजारी बायको धर्मशाळेत मरते, आणि तिच्या उशाशी डॉन मान्वेल असतो. कोणी आत्महत्या केली तर चर्चच्या रिवाजाप्रमाणे त्याला पवित्र जमिनीत जागा मिळत नसे. डॉन मान्वेल देतो, कारण शेवटच्या क्षणी त्या जिवाला नक्की पश्चात्ताप झाला असेल. एक न्यायाधीश त्याला म्हणतो, या गुन्हेगाराकडून खरं वदवून घ्या. डॉन मान्वेल नकार देतो. ज्या सत्याने कोणाचा जीव जाईल ते मी कोणाकडून काढून घेणार नाही, असं त्याचं म्हणणं.

रविवारी सगळं गाव एका सुरात श्रद्धेची प्रार्थना म्हणतं. मृतांच्या पुनरुत्थानावर आणि अनंत जीवनावर आमचा विश्वास आहे, ही शेवटची ओळ येते तेव्हा डॉन मान्वेलचा आवाज गावाच्या आवाजात बुडून जातो. तो त्या वेळी गप्प असतो. त्याचा मरणोत्तर जीवनावर विश्वास नाही. हे गावात कोणाला ठाऊक नाही.

हे प्रथम कळतं लाथारोला. तो अमेरिकेत पैसा कमावून परत आलेला, पाद्र्यांचा तिटकारा असलेला, खेड्याला मागास म्हणणारा तरुण. डॉन मान्वेल त्याला आपलं गुपित सांगतो आणि विनवतो, तू विश्वास असल्याचं दाखव, लोकांसाठी. लाथारो सगळ्या गावासमोर प्रसाद घेतो, गाव आनंदाने रडतं. घरी आल्यावर तो आपल्या बहिणीला, आन्हेलाला, खरं काय ते सांगून टाकतो. सत्य कदाचित फार भयंकर, असह्य, जीवघेणं असेल, साधी माणसं त्याच्यासोबत जगू शकणार नाहीत, हा डॉन मान्वेलचा युक्तिवाद. एका क्रांतिकारकाने धर्माला लोकांची अफू म्हटलं आहे हेही त्याला माहीत आहे. तो ते नाकारत नाही. हो, अफूच, देऊ या त्यांना अफू, झोपू दे, स्वप्नं पाहू दे, असं तो म्हणतो. अफू त्याच्या स्वतःवर मात्र चालत नाही. सरोवराच्या शांत पाण्याकडे बघताना त्याला आत उडी मारावीशी वाटते, आणि तो मोह टाळण्यासाठी तो रात्रंदिवस काम करत राहतो.

डॉन मान्वेलच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते नीट बोलल्याशिवाय त्याच्याविरुद्ध बोलायचा हक्क मिळत नाही. पहिली गोष्ट, त्याच्याजवळ आहे ती शंका. आमच्या डॉक्टरांच्या हातात रिपोर्ट होता. त्यावर गाठीचा आकार लिहिलेला होता. मेल्यावर काय होतं याचा रिपोर्ट डॉन मान्वेलकडे नाही, कोणाकडेच नाही. आपल्याला वाटणारी शंका चारचौघांत ओरडून सांगितलीच पाहिजे असं बंधन मी कोणावर घालणार नाही, आणि पोर गेलेल्या बाईसमोर तर मुळीच नाही. दुसरी गोष्ट, त्याला यात काही मिळत नाही. नाव, पैसा, बढती, काही नाही. शहरात मोठ्या जागेवर जायची संधी तो सोडतो. लोकांना भुलवून स्वतः गब्बर होणारे बुवा आपण खूप पाहतो. हा त्यांच्यातला नाही. हा स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला वाढणारा आहे. तिसरी गोष्ट, खोटं बोलायची वेळ येते तेव्हा तो गप्प राहतो. त्या एका ओळीपाशी थांबणारा आवाज मला पुस्तकात सगळ्यात जास्त लागला.

इतकं सगळं मान्य करूनही मी त्याला निर्दोष म्हणू शकत नाही, आणि त्याचं कारण गोष्टीतच, एका छोट्या प्रसंगात आहे. अभ्यासक त्यावरून भरभर पुढे जातात, मला तिथेच थांबावंसं वाटतं. लाथारो आता गावात रमलाय. तो सुचवतो, चर्चच्या छत्राखालीच शेतकऱ्यांची एक संघटना काढू. डॉन मान्वेल नको म्हणतो. समाजाचे प्रश्न सोडवणं आपलं काम नाही. समजा उद्या कोणी गरीब राहिला नाही, कोणी श्रीमंत राहिला नाही, सगळं सगळ्यांचं झालं, तरी जगण्याचा कंटाळा उरेलच, उलट वाढेल. तेव्हा राहू दे.

म्हणजे मौन एका ओळीपुरतं राहिलेलं नाही. मरणानंतर काय, याबद्दल गप्प बसलेला माणूस हळूहळू मरणाआधी काय, याबद्दलही गावाच्या वतीने ठरवू लागला. संघटना झाली असती तर बियाण्याला कर्ज मिळालं असतं का, खंड कमी झाला असता का, हे आपल्याला कळणार नाही. गोष्टीत ते नाही. पण संघटना हवी की नको, हे गावाने ठरवायचं होतं. त्या काळच्या स्पेनमध्ये जमीन हा जिवाचा प्रश्न होता. 1932 मध्ये प्रजासत्ताकाला जमीनसुधारणेचा कायदा करावा लागला आणि त्यावरून देश दुभंगला. त्या देशातल्या एका खेड्यात हा प्रश्न गावापर्यंत पोचूच दिला गेला नाही, कारण एका भल्या माणसाला वाटलं की गावाने सुखात झोपावं. आमच्या आजीच्या बाबतीतही हेच झालं. आम्ही लपवला आजार, पण त्याबरोबर तिची वाईची खेप गेली. जमिनीच्या सह्या, बहिणीशी शेवटचं बोलणं, घरातलं सोनं कोणाला, हे सगळं ठरवणं तिच्या हातून आम्ही काढून घेतलं, आणि आम्हाला वाटत राहिलं की आम्ही फक्त तिचं दुःख काढून घेतोय.

इथे मला हमखास एक उत्तर मिळतं. सगळ्यांनाच कळून घ्यायचं नसतं, काही माणसं खरोखर कोसळतात. मान्य. मी असेही आजारी पाहिले आहेत जे रिपोर्टचं पाकीट उघडत नाहीत. न कळून घेणं हाही माणसाचा हक्क आहे, आणि तो त्याने स्वतः वापरायचा असतो. आजीला विचारता आलं असतं, तुझ्या आजाराबद्दल तुला किती ऐकायचंय? ती म्हणाली असती, तुमचं तुम्ही बघा, मला काही सांगू नका, तर तोही तिचाच निर्णय झाला असता. पण आम्ही विचारलंच नाही. डॉन मान्वेलनेही गावाला कधी विचारलं नाही.

आणि साध्या माणसांना सत्य पेलत नाही, हे त्याचं गृहीतक तरी खरं का? उनामुनोने याचं उत्तर निबंधातून दिलं नाही, पण गोष्ट कोणाच्या तोंडून सांगायची हे त्याने फार विचाराने ठरवलेलं दिसतं. सगळी हकिगत आन्हेला लिहिते आहे. खेड्यातली, मठाच्या शाळेत शिकून परत आलेली मुलगी. तिला सत्य कळलं तेव्हा ती रडली, पण मोडली नाही. ती डॉन मान्वेलकडे गेली आणि तिने सरळ विचारलं. त्याने उत्तर टाळलं, तिला उत्तर समजलं. मग तो पाद्री आपल्यापुढे कबुलीला आलेल्या त्या मुलीलाच म्हणाला, तू मला क्षमा कर, गावाच्या वतीने. तिने केली. त्यानंतर तिने त्याच्याबरोबर काम केलं, त्याचा मृत्यू पाहिला. गाव प्रार्थना म्हणत होतं, त्याचा हात गावातल्या वेड्या ब्लासिल्योच्या हातात होता, आणि अनंत जीवनाची ती ओळ येईपर्यंत तो गेलेला होता. मग तिने भाऊ गेलेला पाहिला. पन्नाशी उलटून गेल्यावर, केस पिकल्यावर, ती हे सगळं लिहायला बसली. एवढं सगळं तिला पेललं. तिच्यात आणि गावातल्या इतर बायकांमध्ये फरक एकच, तिला कोणीतरी सांगितलं होतं.

साधी माणसं हा शब्द वापरणारा त्यात स्वतःला कधीच धरत नाही. आपल्याला पेलतं आणि त्यांना पेलत नाही, यातली खात्री कुठून येते, हे मला कुठल्याही भल्या राज्यकर्त्याने, डॉक्टरने, संपादकाने, मोठ्या भावाने एकदा समजावून सांगावं. घबराट पसरेल हे तर नेहमीचं कारण. 1918 मध्ये युरोपात युद्ध चालू असताना इन्फ्लुएंझाची साथ आली. लढणाऱ्या देशांनी सैन्याचं आणि लोकांचं धैर्य खचू नये म्हणून वर्तमानपत्रांतल्या बातम्या दाबल्या. स्पेन तटस्थ होता, तिथल्या पत्रांनी मे महिन्यात साथीच्या बातम्या मोकळेपणी छापल्या, राजा आल्फोन्सो आजारी पडल्याचीही छापली. परिणाम असा झाला की जगभर त्या रोगाला 'स्पॅनिश फ्लू' म्हणू लागले. ज्याने खरं सांगितलं त्याच्या नावावर रोग चढला. त्या साथीने मुंबई इलाख्यातही घरंच्या घरं ओस पाडली, आणि आपल्याकडेही ते नाव तसंच चिकटलं. लपवणाऱ्यांनी लोकांना घबराटीपासून वाचवलं असेल कदाचित. साथीपासून वाचवलं नाही.

आता मला स्वतः उनामुनोकडे वळलं पाहिजे, कारण त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षात हाच प्रश्न त्याच्या दाराशी आला. त्या वर्षाची हकिगत सांगताना आपण, म्हणजे सत्याच्या बाजूने असल्याचं मानणारे लोक, स्वतःच डॉन मान्वेल होतो.

हा माणूस कोणालाच परवडणारा नव्हता. 1914 मध्ये त्याला रेक्टरपदावरून काढलं. 1924 मध्ये हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेराने त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या फ्वेर्तेवेंतुरा बेटावर हद्दपार केलं. तिथून तो फ्रान्सला गेला आणि 1930 मध्येच परतला. 1931 मध्ये प्रजासत्ताकाची घोषणा त्याने सालामांकाच्या नगरपालिकेच्या सज्जातून केली. पुढच्या पाच वर्षांत त्याच प्रजासत्ताकावर तो इतका नाराज झाला की जुलै 1936 मध्ये लष्कराने उठाव केला तेव्हा त्याने उठावाला जाहीर पाठिंबा दिला. हे सांगताना अनेकांची जीभ अडखळते. सांगितलं पाहिजे. माद्रिदच्या सरकारने त्याला पदावरून दूर केलं, उठाववाल्यांनी पुन्हा बसवलं. आणि मग त्याच्या ओळखीची माणसं जाऊ लागली. सालामांकाचा महापौर, वैद्यकशास्त्राचा प्राध्यापक कास्तो प्रिएतो कारास्को याला जुलैतच गोळ्या घातल्या. आतिलानो कोको हा प्रोटेस्टंट पाद्री तुरुंगात होता. ऑक्टोबरमध्ये उनामुनोचा शिष्य साल्वादोर बिला याला पकडून नेलं. त्याच महिन्यात त्याला मारलं.

12 ऑक्टोबर 1936 रोजी विद्यापीठाच्या सभागृहात समारंभ होता. व्यासपीठावर उठावाचा नेता फ्रांको याची पत्नी, बिशप, जनरल मियान आस्त्राय. उनामुनो बोलणार नव्हता. भाषणं ऐकता ऐकता त्याने खिशातून एक कागद काढला, त्यावर काही शब्द खरडले आणि तो उठून बोलला. सभागृहात गोंधळ झाला. पुढे काही दिवसांतच त्याचं रेक्टरपद पुन्हा गेलं, या वेळी दुसऱ्या बाजूने काढून घेतलं.

तो काय बोलला? जगभर जे भाषण उद्धृत केलं जातं ते उदात्त आहे: हे बुद्धीचं मंदिर आहे, मी त्याचा पुजारी, तुम्ही जिंकाल पण पटवू शकणार नाही. मीही ते एका व्याख्यानात आवाज चढवून म्हटलं आहे. पण ते भाषण त्या दिवशी कोणी लिहून घेतलेलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी इतर भाषणं छापली, त्याचं गाळलं. आपण म्हणतो तो मजकूर 1941 मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात आला. लिहिणारा होता लुईस पोर्तियो, पूर्वी सालामांकात शिकवणारा आणि आता परागंदा झालेला तरुण. तो त्या दिवशी सभागृहात नव्हता. त्याने ऐकीव माहितीवरून प्रसंग उभा केला, नाटककार उभा करतो तसा. पुढे इतिहासाच्या पुस्तकांनी तो शब्दशः भाषण म्हणून घेतला. 2018 मध्ये सालामांकाच्याच विद्यापीठातले ग्रंथपाल सेवेरियानो देल्गादो यांनी हे सगळं पुराव्यानिशी मांडलं, तेव्हा बरेच लोक त्यांच्यावरच रागावले. लढ्यात बळ देणारी गोष्ट कशाला मोडता, असा त्या रागाचा सूर होता.

तो राग मला ओळखीचा वाटला. माझ्याही मनात तो आला. फॅसिस्टांसमोर एकट्या म्हाताऱ्याने काढलेली ती घडीव वाक्यं मला हवी होती. पण बाल्वेर्दे दे लुथेर्नाच्या शेतकऱ्यांना खरं कळलं पाहिजे असं मी म्हणणार असेन, तर मलाही खरं कळलं पाहिजे, आणि ते कळल्यावर मी कोसळत नाही हे दाखवलं पाहिजे. उरतं ते थोडं आहे, पण पक्कं आहे. तो उठला. त्याला उठायची गरज नव्हती. जिंकणं आणि पटवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं तो बोलला, कारण ते दोन शब्द त्याच्या हस्ताक्षरात आहेत. स्पॅनिशमध्ये ते एकमेकांत गुंतलेले शब्द आहेत, 'वेन्सेर' आणि 'कोन्वेन्सेर'. आणि ज्या उठावाला त्याने पाठिंबा दिला होता त्याच्याच लोकांसमोर, त्यांच्याच समारंभात, आपली चूक झाली हे त्याने आपल्या वागण्यातून सांगितलं. घडीव भाषणापेक्षा मला हे मोठं वाटतं. डॉन मान्वेल त्या ओळीपाशी आयुष्यभर गप्प राहिला. त्याला निर्माण करणारा बहात्तराव्या वर्षी, तशाच एका ओळीपाशी, गप्प राहिला नाही.

त्यानंतरचे अडीच महिने तो घरातच होता, दाराबाहेर पाळत होती. तिथून त्याने जी पत्रं लिहिली ती वाचून कोणत्याच बाजूला दिलासा मिळत नाही. दोन्हीकडच्या कत्तलींबद्दल त्याने लिहिलं. 'हे आणि ते' यासाठी स्पॅनिशमध्ये असलेल्या शब्दांच्या आधी त्याने एकेक अक्षर चिकटवलं, आणि 'हे' वाचताना 'हूण' वाचलं जाऊ लागलं. म्हणजे इकडचे हूण आणि तिकडचेही. 31 डिसेंबर 1936 रोजी तो त्याच घरात वारला, आणि त्याची शवपेटी फालांखेच्या, म्हणजे फॅसिस्ट पक्षाच्या, तरुणांनी खांद्यावर नेली.

विद्यापीठाच्या इमारतीला लागून रेक्टरचं जुनं घर आहे. तिथे आता उनामुनोचं संग्रहालय आहे आणि त्या दिवशी त्याने खिशातून काढलेला कागद जपून ठेवलेला आहे. तो कागद म्हणजे आतिलानो कोकोच्या बायकोने त्याला लिहिलेलं पत्र. तिचा नवरा तुरुंगात होता, त्याला सोडवण्यासाठी काही करा, अशी तिची विनवणी. कोकोला डिसेंबरमध्ये गोळ्या घातल्या. त्याच कागदावर उनामुनोचं घाईचं अक्षर आहे: जिंकणं, पटवणं, द्वेष, करुणा, आणि फिलिपिन्सचा कवी रिझाल, ज्याला स्पॅनिश सैन्याने 1896 मध्ये गोळ्या घातल्या होत्या, त्याचं नाव. एकही वाक्य पुरं नाही.